सोंग कोणाचे, पेढी कोणाची?

मागील सत्रात आमच्या एका विद्यार्थिनीने एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी सुचविलेला विषय समितीने परत पाठविला. विषय होता टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळातील कथनाचा. जगभर हा खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने ओळखला जातो, आणि धरमपेठेतल्या एका घरी सहा तरुण-तरुणी दर शनिवारी तो खेळतात. विषय परत येणे ही काही अपूर्व घटना नव्हे. आम्हा दोघांचेही आमच्या काळी परत आले होते. अपूर्व वाटला तो शेऱ्यामागचा आत्मविश्वास. लेखी शेरा असा की, यात संहिता नाही, सबब साहित्याचा अभ्यास संभवत नाही. तोंडी शेरा अधिक मोकळा होता. हा तर अमेरिकेतल्या दोन-चार कुटुंबांच्या दुकानदारीचा माल. त्यावर मराठीच्या विद्यार्थ्याने वर्ष का दवडावे?

आम्ही या दुसऱ्या शेऱ्यापासून आरंभ करू इच्छितो, कारण तो खरा आहे. म्हणणाऱ्याला वाटतो त्याहून तो कितीतरी अधिक खरा आहे. फरक एवढाच की, जे कारण विषय नाकारण्यासाठी दिले गेले ते आमच्या मते विषय स्वीकारण्याचे कारण आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. चार-सहा जण बसतात. त्यांतला एक निवेदक असतो. तो जग उभे करतो, दाराआड काय आहे हे त्यालाच ठाऊक असते. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात, त्याच्या वतीने निर्णय घेतात. निर्णयाचे फळ काय, हे काही अंशी नियम ठरवितात, काही अंशी वीस बाजूंचा एक फासा. कथा आधी लिहिलेली नसते. ती चार तासांत घडते, पुढच्या शनिवारी पुढे सरकते, आणि कधी कधी दोन-दोन वर्षे चालते. धरमपेठेतल्या त्या टेबलावर आम्ही एकदा प्रेक्षक म्हणून बसलो होतो. निवेदकाने गंभीर इंग्रजीत किल्ल्याच्या दाराचे वर्णन केले. त्यावर एका बुटक्या योद्ध्याने, म्हणजे अभियांत्रिकीच्या एका मुलाने, विचारले, ‘‘काऊन उघडत नाही बे हे?’’ आणि पुढचा अर्धा तास तो किल्ला अमरावतीकडचा झाला. भाषा एका वाक्यात कूस बदलते आणि तिच्याबरोबर कथाही बदलते, हे वर्गात शिकवायला आम्हाला किती तास लागतात!

आता दुकानदारीकडे वळू.

हा खेळ एका घरात जन्मला, आणि हे शब्दशः खरे आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथला गॅरी गायगॅक्स विमा कंपनीतली नोकरी गमावून बसलेला, घरी जोडे दुरुस्त करणारा, युद्धखेळांचा नादिष्ट गृहस्थ. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन याने ‘ब्लॅकमूर’ नावाचे एक जग रचून त्यात प्रत्येक खेळाडूला एकाच पात्राची भूमिका देण्याची कल्पना खेळून पाहिली होती. ती पाहून १९७२ साली गायगॅक्सने आपल्या घरी स्वतःचे भुयार रचले, आणि त्या भुयारात प्रथम उतरले ते त्याचे स्वतःचे मुलगा व मुलगी, अर्नी आणि एलीझ. प्रस्थापित प्रकाशकांना या वस्तूचे काय करावे ते उमजेना. तेव्हा १९७३ च्या ऑक्टोबरात गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही भागीदारी काढली. पैसे अपुरे पडले म्हणून डिसेंबरात ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार आला. १९७४ च्या जानेवारीत खेळाची पहिली आवृत्ती निघाली: लाकडाच्या नक्षीचा एक खोका, आत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १,०००. त्या प्रती घरच्या माणसांनीच जुळवल्या. मराठी लघुनियतकालिकांच्या काळात ज्यांनी घरी बसून अंकांच्या घड्या घातल्या, त्यांना हे चित्र परके वाटू नये.

वर्षभरातच, ३१ जानेवारी १९७५ रोजी, डॉन के हृदयविकाराने वारला. त्याचे वय ३६ होते. आणि येथून या खेळाची गोष्ट कौटुंबिक कादंबरी होते. केचा वाटा त्याच्या विधवा पत्नीकडे गेला; तिला खेळात रस नव्हता, पण कायद्याने ती भागीदार होती. भागीदारी मोडून ‘टीएसआर हॉबीज’ ही कंपनी काढण्यात आली. केचा हिस्सा विकत घेण्यासाठी आणि धंदा वाढविण्यासाठी पैसा हवा होता. तो गायगॅक्सकडे नव्हता, ब्लूमांकडे होता. ब्रायनच्या वडिलांनी, मेल्विन ब्लूम यांनी, समभाग घेतले. ते पुढे ब्रायनचा भाऊ केविन याच्याकडे गेले. ज्याच्या नावाने खेळ ओळखला जात होता तो आपल्याच कंपनीत अल्पमतात आला. येथे कोणी कट केला असे म्हणता येत नाही. एक मृत्यू झाला, एक हिस्सा विकला गेला, एका बापाने मुलाला मदत केली. आपल्याकडच्या कोणत्याही वाड्याची वाटणी याहून वेगळी होत नाही.

पुढची दहा वर्षे भरभराटीची आणि बेहिशेबाची. कंपनीच्या पगारपत्रकावर ब्लूमांचे नातलग किती होते, याबद्दल गायगॅक्स पुढे आयुष्यभर कडवटपणे बोलत राहिला. ब्लूमांच्या नात्यातला भरतकामाच्या साहित्याचा एक व्यवसायही या खेळांच्या कंपनीने विकत घेतला. राक्षस आणि क्रोशाच्या सुया एकाच छपराखाली. पण गायगॅक्सही विरक्त नव्हता. त्याचा मुलगा कंपनीच्याच दुकानात काम करीत होता. शिवाय ज्या आर्नेसनच्या कल्पनेवर सर्व इमारत उभी होती त्यालाच १९७९ साली मानधनासाठी न्यायालयात जावे लागले. १९८१ साली तडजोड झाली. ज्या घरात दोन भाऊ असतात त्या घरातून तिसऱ्याने, जो भाऊ नसतो त्याने, कसे बाहेर पडावे, याचे हे ठरलेले वळण आहे.

१९८५ साली कंपनी कर्जात बुडालेली असताना गायगॅक्स हॉलिवूडहून परतला. त्याने आपला राखीव समभाग-हक्क वापरून सत्ता मिळविली, केविन ब्लूमला दूर केले आणि कारभार पाहण्यासाठी लॉरेन विल्यम्स या बाईंना नेमले. काही महिन्यांत ब्लूम बंधूंनी आपले सर्व समभाग विल्यम्स यांनाच विकले. गायगॅक्स न्यायालयात हरला आणि १९८६ साली स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडला.

आता या विल्यम्सबाई कोण? त्यांचे माहेरचे नाव डिले. त्यांचे आजोबा जॉन डिले यांच्या वृत्तपत्र-संस्थेने १९२९ साली ‘बक रॉजर्स’ ही चित्रमालिका वृत्तपत्रांतून सुरू केली होती, आणि त्या नायकाचे हक्क डिले कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे होते. विल्यम्सबाईंच्या अमदानीत टीएसआरने ‘बक रॉजर्स’वर १९८८ साली पटावरचा खेळ काढला, १९९० साली भूमिकाखेळ काढला. खेळाडूंनी पाठ फिरविली, पण मानधन त्या निधीकडे जात राहिले. मालकीणबाई कंपनीच्या एका खिशातून काढून कुटुंबाच्या दुसऱ्या खिशात घालीत होत्या, असा खेळाडूंचा आक्षेप होता, आणि तो निराधार म्हणता येणार नाही.

येथे आम्हाला खेळाच्या चाहत्यांशीही भांडायचे आहे, केवळ समितीशी नव्हे. चाहत्यांनी या इतिहासाची जी पोथी बनविली आहे तिच्यात गायगॅक्स हा निष्पाप प्रतिभावंत, ब्लूम बंधू हे लोभी, आणि विल्यम्सबाई या खेळाचा द्वेष करणाऱ्या बाहेरच्या कैकेयी. बाई आली आणि घर बुडाले. हे कथानक आम्ही कोठेतरी वाचले आहे. सासर-माहेरच्या प्रत्येक मराठी मालिकेत वाचले आहे. वस्तुस्थिती अशी की, बाई आल्या तेव्हा घर बुडालेलेच होते आणि त्यांनी ते आणखी अकरा-बारा वर्षे तगविले. ‘फॉरगॉटन रेल्म्स’ (१९८७), ‘रेवनलॉफ्ट’ (१९९०), ‘डार्क सन’ (१९९१), ‘प्लेनस्केप’ (१९९४) ही ज्या कल्पित विश्वांची आज चाहते पूजा बांधतात, ती बाईंच्याच काळात प्रकाशित झाली. १९९७ साली तीन कोटी डॉलरांहून अधिक कर्ज डोक्यावर असताना, आणि पुस्तकविक्रेत्या रँडम हाउसकडून न खपलेल्या मालाचे ढीग परत येत असताना, त्यांनी कंपनी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ला विकली. त्यांनी आपल्या कुटुंबाचे हित पाहिले. तसेच ब्लूमांनी पाहिले, तसेच गायगॅक्सने पाहिले. तिघांपैकी एकीलाच त्याबद्दल शिव्या मिळाल्या, आणि ती कोणती हे योगायोगाने ठरले नाही.

‘बक रॉजर्स’च्या प्रकरणातील खरी विदारक गोष्ट वेगळीच आहे. हा नायक डिले कुटुंबात जन्मला नव्हता. फिलिप फ्रान्सिस नाउलन या लेखकाने १९२८ च्या ऑगस्टमध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात एक दीर्घकथा लिहिली, तीतून तो आला. नाउलन १९४० साली वारला. पुढे कित्येक दशकांनी नाउलनचे वारस आणि डिले यांचा निधी त्या नायकासाठी न्यायालयात झगडत होते. लेखकाची नातवंडे आणि प्रकाशकाची नातवंडे, आणि मधे एक कागदी माणूस, जो या दोघांपैकी कोणीही कधी लिहिला नव्हता. गायगॅक्स २००८ साली गेला, त्यानंतर त्याचे आडनाव एका मासिकाला द्यावे की नाही यावरून त्याची विधवा पत्नी आणि पहिल्या लग्नाची मुले यांच्यात बेबनाव झाला. ज्या मुलाने १९७२ साली त्या पहिल्या भुयारात पाऊल टाकले होते, तोच अर्नी वृद्धपणी टीएसआर हे नाव परत मिळविण्याच्या एका फसलेल्या खटाटोपात दिसतो.

आणि ‘विझर्ड्स’ म्हणजे तरी काय? १९९९ साली ती कंपनी सुमारे ३२.५ कोटी डॉलरांना ‘हॅस्ब्रो’ने घेतली. या नावाची फोड फार जण करीत नाहीत. हॅस्ब्रो म्हणजे हॅसनफेल्ड ब्रदर्स. १९२३ साली ऱ्होड आयलंडमध्ये कापडाचे उरलेसुरले तुकडे विकण्यापासून सुरुवात केलेल्या भावांची पेढी. १९९९ साली तिच्या प्रमुखपदी अ‍ॅलन हॅसनफेल्ड होते, संस्थापकांपैकी एकाचे नातू. (१९२३ हेच विदर्भ साहित्य संघाचेही स्थापनावर्ष. एकाने चिंध्या विकल्या, दुसऱ्याने शब्द. कोणाचा ताळेबंद बरा, हा प्रश्न आम्ही संघाच्या आजीव सभासदांवर सोपवितो.) म्हणजे ‘घरच्यांच्या हातून खेळ निर्दय महामंडळाच्या हाती गेला’ ही हळहळदेखील खरी नाही. तो एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात गेला, इतकेच.

समितीचे सन्माननीय सदस्य येथे म्हणतील: पाहा, आम्ही हेच म्हणत होतो. सारा पैशाचा आणि भाऊबंदकीचा मामला. यात साहित्य कोठे आहे?

आम्ही त्यांना सिंधुदुर्गात नेऊ इच्छितो. ज्या दशावताराची आपण लोकसाहित्याच्या पत्रिकेत दरवर्षी टीप लिहून घेतो, तो दशावतार कंपन्यांकडून सादर होतो. ‘कंपनी’ हा त्यांचाच शब्द आहे, आमचा नव्हे. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, खानोलकर: मोचेमाड, वालावल, पार्से, खानोली या गावांवरून पडलेल्या या नावांनी त्या कंपन्या ओळखल्या जातात. कंपनीला मालक असतो, मालकी घराण्यात उतरते, कोणत्या देवळाच्या जत्रेत कोणाचे नाटक व्हायचे याचे मान ठरलेले असतात. देवतांचे मुखवटे ज्यात राहतात तो पेटारा पूजनीय असतो आणि कंपनीची मालमत्ताही असतो. या दोन गोष्टींत तेथे कोणाला विरोध दिसत नाही. आणि नाटक? त्याला लिखित संहिता नसते. आड दशावतारात संकासुर येऊन गेला की आख्यान लागते. कथेचा सांगाडा मालक किंवा जाणता नट रंगपटात सांगतो, कोण राजा, कोण राक्षस, कोण ऋषी हे ठरते, आणि मग रात्रभर प्रत्येक नट आपल्या पात्राच्या तोंडून स्वतःची भाषा बोलतो. समोरचा काय बोलेल हे त्याला नक्की ठाऊक नसते. निवेदकाच्या जागी मालक ठेवा, फाशाच्या जागी प्रेक्षकांचा हशा ठेवा. टेबल आणि रंगमंच यांत किती अंतर उरते?

दशावतारावर विद्यापीठांनी पीएच.डी. दिल्या आहेत. संहिता नाही ही अडचण तेथे आली नाही. मालकी घराण्याची आहे ही अडचणही आली नाही. उलट आमचे ज्येष्ठ सहकारी त्या घराण्यांविषयी बोलताना ‘पिढ्यान्‌पिढ्या जपलेली परंपरा’ असे म्हणतात आणि त्यांचा आवाज किंचित ओला होतो. लेक जिनिव्हातल्या घराण्याने केली तर दुकानदारी, आणि मोचेमाडातल्याने केली तर परंपरा? (मोचेमाडचे कोणी वाचत असल्यास क्षमा असावी, आमचे भांडण तुमच्याशी नाही.) परंपरेच्या मालकालाही नटाचे पैसे द्यावे लागतात, मोसमात गाडी ठरवावी लागते, आणि एखादा चांगला नट दुसऱ्या कंपनीत गेला तर त्याचे नुकसान होते. एवढ्या लांब कशाला जावे? आमच्या पूर्व विदर्भात वडसा देसाईगंजच्या परिसरातून झाडीपट्टीच्या नाट्यमंडळ्या निघतात, गावोगावच्या शंकरपटाच्या मोसमात रात्र रात्र नाटके करतात. त्याही धंदा करतात आणि ते लपवीत नाहीत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी अभिनंदनाचे ठराव केले.

त्याच सिंधुदुर्गात सावंतवाडीचे उदाहरण तर अधिकच बोलके. दशावतारी गंजिफा: १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. हा खेळ आणि पाने रंगविण्याची कला मरणपंथाला लागली असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी, जुन्या चितारी कारागिरांचे ज्ञान हाती घेऊन राजवाड्यातच तिची कार्यशाळा चालविली. आजही दरबार हॉलमध्ये कारागीर पाने रंगविताना दिसतात आणि ती विकत मिळतात. हा कौटुंबिक व्यवसाय आहे. तो नसता तर गंजिफा संग्रहालयाच्या काचेआड गेली असती, हे आम्हाला मान्य आहे आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तरीही एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही: गंजिफा वाचली ती वस्तू म्हणून. भिंतीवर लावायला, पाहुण्याला भेट द्यायला. ती खेळणारे चार जण आज एका जागी जमवायचे तर सावंतवाडीतही शोधाशोध करावी लागेल. पेढीने पान जपले, कारण पान विकता येते. डाव विकता येत नाही.

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे आणि तो टीएसआरच्या इतिहासात लख्ख दिसतो. के, ब्लूम, गायगॅक्स, डिले, हॅसनफेल्ड या सर्वांनी पन्नास वर्षे ज्यासाठी भांडणे केली ते काय होते? नाव, बोधचिन्ह, पुस्तके, पात्रांचे हक्क, समभाग. प्रत्यक्ष खेळ, म्हणजे एखाद्या शनिवारी चार तासांत घडलेली आणि दिवे मालवल्यावर संपलेली कथा, कोणीच मागितली नाही. ती मागता येत नाही. तिचा कर्ता एक नसतो, तिची प्रत नसते, ती वारसाला देता येत नाही. त्यामुळे जे मालकीचे होऊ शकते त्याचाच इतिहास लिहिला गेला आणि जे होऊ शकत नाही ते इतिहासाबाहेर राहिले. पेढीचे हे असणारच. पेढीला दोष देऊन काय उपयोग?

पण मराठीच्या विभागाने हाच निकष का लावावा? ‘संहिता कोठे आहे?’ हा प्रश्न आपण सौंदर्यशास्त्राचा समजतो. आम्हाला वाटते, तो मुळात गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा प्रश्न आहे. ज्याची प्रत काढता येते, ज्यावर एका माणसाचे नाव छापता येते, ज्याचे हक्क साठ वर्षे वारसांकडे राहू शकतात, ते साहित्य. उरलेले ते लोकसाहित्य, आणि तेही कोणीतरी ध्वनिमुद्रित करून, संपादून, आपले नाव घालून छापले तरच.

आणि आपण स्वतः कोठे उभे आहोत? आपला निम्मा अभ्यासक्रम कौटुंबिक पेढ्यांच्या दिवाणखान्यांतून आलेला आहे. ‘कोसला’ १९६३ साली छापली ती रा. ज. देशमुखांनी, आणि देशमुख आणि कंपनी ही सुलोचनाबाई आणि त्यांची घरची कंपनी होती. भटकळांशिवाय पॉप्युलर प्रकाशनाचा आणि भागवतांशिवाय मौजेचा विचार कोणी करू शकेल काय? या माणसांनी जो धोका पत्करला तो वेतनावर जगणाऱ्या कोणत्याही व्यवस्थापकाने पत्करला नसता. घराण्याच्या पेढीची ही दुसरी बाजू आम्ही नाकारीत नाही. लेक जिनिव्हातल्या त्या घराने पत्करलेला धोकाही याच जातीचा होता. आमची तक्रार घराण्यांविरुद्ध नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आपण ही घराणी ‘निष्ठावंत प्रकाशक’ अशा दोन शब्दांत आटोपतो. कोणी कोणाला किती मानधन दिले, कोणते हस्तलिखित कोणाच्या मेव्हण्याच्या शिफारशीने आले, मालक वारल्यावर कोणाचे पुस्तक मुलाने पुन्हा छापले आणि कोणाचे छापले नाही, याची एक ओळ आपल्या संदर्भग्रंथांत सापडत नाही. अमेरिकेतल्या एका खेळाच्या कंपनीचे समभाग कोणत्या साली कोणाकडे गेले हे आम्ही वर सांगू शकलो. मराठीतल्या एखाद्या मोठ्या प्रकाशनसंस्थेबद्दल तेवढे सांगून दाखवा.

वारसांचा अनुभव तर आमच्या गाठीशी आहे. काही वर्षांपूर्वी एका निवडक कथासंग्रहाचे काम आमच्याकडे होते. दिवंगत लेखकाच्या एका कथेसाठी परवानगी हवी होती; भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ती लागते. वारस तीन. एकाने तत्काळ होकार दिला, दुसऱ्याने पहिल्याने होकार दिला म्हणून नकार दिला, तिसरे परदेशी होते आणि त्यांना मराठी वाचता येत नव्हते. कथा वगळली. आज तो संग्रह शिकणाऱ्या मुलांना हा लेखक होऊन गेला हेही ठाऊक नाही. आमच्या दृष्टीने ‘बक रॉजर्स’ची गोष्ट विदेशी नाही ती यामुळे.

एका बाबतीत मात्र त्या टेबलावरच्या मंडळींनी आम्हाला मागे टाकले. २००० सालापासून ‘विझर्ड्स’ने एक खुला परवाना दिला होता, त्याच्या आधारे शेकडो लहान प्रकाशक आपापली साहसे छापीत होते. २०२३ च्या जानेवारीत तो परवाना आवळण्याचा कंपनीचा मसुदा फुटला. खेळाडूंनी गहजब केला, सदस्यत्वे रद्द केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली सर्वांसाठी मोकळे केले. यापूर्वी २०२० साली मार्गरेट वाइस आणि ट्रेसी हिकमन या जोडीला आपणच निर्माण केलेल्या ‘ड्रॅगनलान्स’ विश्वात पुढची कादंबरी प्रसिद्ध करता यावी यासाठी दावा लावावा लागला होता. लेखक एकटे होते तेव्हा त्यांना न्यायालयात जावे लागले. खेळाडू, जे वाचकही होते आणि कर्तेही, एकत्र आले तेव्हा तीन-चार आठवडे पुरले. कर्तृत्व वाटून घेतल्याने हक्क वाढतो की घटतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचा नाही तर कोणाचा?

एक आक्षेप उरतो आणि तो प्रामाणिक आहे. हा खेळ खेळणारी मुले सुखवस्तू घरांतली, इंग्रजी माध्यमाची. नियमांची पुस्तके महाग. गडचिरोलीच्या मुलाचा याच्याशी संबंध काय? हे खरे आहे. धरमपेठेतले ते टेबल सागवानी आहे. पण पुस्तके महाग का आणि नियम मोकळे कसे, हे समजून घ्यायला पुन्हा पेढीच्याच इतिहासाकडे यावे लागते. आणि जो नियम मोकळा झाला आहे तो मराठीत आणायला, त्यात झाडीपट्टीचे जंगल घालायला आता कोणत्याही हॅसनफेल्डची परवानगी लागत नाही. लागते ती समितीची.

विद्यार्थिनीने विषय मागे घेतलेला नाही. तिने आराखडा नव्याने लिहिला आहे. पहिले प्रकरण दशावतारी कंपन्यांच्या मालकीचे, दुसरे लेक जिनिव्हाच्या समभागांचे. टेबलावरची एक शनिवारची रात्र तिसऱ्यात आहे, ध्वनिमुद्रणावरून उतरवलेली, सहा जणांच्या नावांसह. त्या सहांपैकी दोघांनी आपले नाव कर्ता म्हणून घालण्यास हरकत घेतली आहे. त्यांचे म्हणणे, ते वाक्य आम्ही नव्हे, आमच्या पात्राने उच्चारले होते. ही हरकत प्रबंधिकेच्या नियमांत कोठे बसवायची, यावर आम्हा दोघांचेच अजून एकमत झालेले नाही. समितीची पुढील बैठक दिवाळीच्या सुटीनंतर आहे.